वाचकांचे प्रश्न : प्वेब्लो पूर्वजांच्या दरीत पायी फिरताना

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील बँडेलिअर राष्ट्रीय स्मारकाविषयी गेल्या अंकात एक छोटे टिपण आले होते. प्वेब्लो या तेथील मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांनी कड्यात कोरलेली आणि दगडांनी बांधलेली घरे तेथे आहेत, आणि ती पायी फिरूनच पाहावी लागतात. मुले-नातवंडे तिकडे असल्यामुळे गोव्यातील अनेक कुटुंबांचे त्या भागात जाणे होते, हे या महिन्याच्या पत्रांवरून दिसून आले. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

फोंडा येथील एक निवृत्त शिक्षक विचारतात : आम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहोत. मुलगा अल्बुकर्की येथे नोकरीला असून सप्टेंबरअखेर आम्ही त्याच्याकडे जात आहोत. एका दिवसात बँडेलिअरमध्ये काय पाहून होईल, आणि तेथील चालणे आम्हांला झेपेल का?

चालणे निश्चित झेपेल. मात्र काळजी पायांपेक्षा श्वासाची घ्यावी लागेल. दरीच्या तळाशी असलेले स्वागतकेंद्रच समुद्रसपाटीपासून सुमारे 1,850 मीटर उंचीवर आहे. गोव्यातील सर्वांत उंच शिखर मानला जाणारा सोंसोगड 1,166 मीटरचा आहे, एवढे सांगितले म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला तेथे पहिल्या दिवशी धाप का लागते ते लक्षात येईल. अल्बुकर्की शहरही दीड हजार मीटरहून उंच असल्याने मुलाकडे चार-सहा दिवस राहून मग बँडेलिअरला गेलात तर शरीर बरेच सरावलेले असेल. दुसरी गोष्ट कोरड्या हवेची. आपल्याकडे सदरा घामाने भिजला की पाणी प्यायची आठवण होते. तेथे घाम येतो आणि येताक्षणी सुकतो, त्यामुळे डोके दुखू लागेपर्यंत पाणी कमी पडत असल्याचे कळतच नाही. प्रत्येकाने निदान दोन लिटर पाणी बरोबर ठेवावे आणि तहानेची वाट न पाहता ते घोट घोट पीत राहावे. रुंद काठाची टोपीही हवीच.

अल्बुकर्कीहून मोटारीने सुमारे दोन तास लागतात. साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दिवसाच्या मुख्य वेळेत खासगी वाहने दरीत सोडत नाहीत. व्हाइट रॉक या गावी गाडी ठेवून मोफत बसने आत जावे लागते. निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षीच्या तारखा, वेळा आणि प्रवेशशुल्क पाहून घ्यावे. सकाळी लवकर पोहोचणाऱ्याला स्वतःची गाडी आत नेता येते, परंतु माझा कौल बसलाच आहे, कारण दरीतील वाहनतळ लहान आहे आणि जागेच्या शोधात सकाळची चांगली वेळ फुकट जाते.

मुख्य फेरी सुमारे सव्वादोन किलोमीटरची आहे. भराभर चालणारे ती तासाभरात उरकतात. आपण तिला तीन तास द्यावेत असे मी आग्रहाने सांगेन. सुरुवातीचा भाग सपाट आणि फरसबंद आहे. प्रथम जमिनीत खोदलेला मोठा कीवा लागतो. कीवा म्हणजे विधींसाठी आणि शिकण्या-शिकवण्यासाठी एकत्र जमण्याची भूमिगत गोल खोली. तिचे लाकूड-मातीचे छप्पर आता उरलेले नाही, पण त्या काळी छपरातील झरोक्यातून शिडीने खाली उतरत असत. त्यापुढे ट्युओनी नावाच्या गावाचा पाया दिसतो. सुमारे 400 खोल्या एका मोकळ्या अंगणाभोवती वर्तुळात बांधलेल्या होत्या, त्यांतील काही भाग दोन-तीन मजली होता, आणि जमिनीच्या पातळीवरून आत जायला एकच वाट होती. खाली उभे राहिल्यावर हा नुसता गुडघ्याएवढ्या भिंतींचा पसारा वाटतो. पायवाट कड्याकडे वर चढली की तेथून मागे वळून पाहावे. गावाचे संपूर्ण वर्तुळ तेव्हाच डोळ्यांत भरते.

यानंतर अरुंद दगडी पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर येथून परत फिरण्यास हरकत नाही, पण शक्य असल्यास पुढे जाऊन ‘लाँग हाउस’ म्हणून ओळखली जाणारी सुमारे 800 फूट लांबीची घरांची रांग अवश्य पाहावी. येथे कड्यावर ओळीने लहान लहान गोल खळगे दिसतात. छपराच्या तुळयांची टोके त्या खळग्यांत बसवलेली असत, म्हणून खळग्यांच्या ओळी मोजल्या की त्या जागी किती मजले होते ते आपले आपल्यालाच काढता येते. सर्वांत वरच्या ओळीच्याही वर दगडात कोरलेल्या आकृत्या आहेत. एवढ्या उंचीवर कोरणाऱ्याचा हात कसा पोहोचला असेल, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. तो घराच्या छपरावर उभा राहून कोरत होता. हे एकदा समजले की समोरच्या उघड्या कड्यावर छपरे, शिड्या आणि माणसे आपोआप दिसू लागतात. बहुतेक प्रवासी नेमके याच ठिकाणी दोन छायाचित्रे घेऊन पुढे निघतात, याचे मला वाईट वाटते.

त्याच दिवशी धबधब्याची वाटही करावी का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. करू नये. ती वाट जाताना उताराची आणि येताना, थकव्याच्या वेळी, चढाची आहे. शिवाय 2011 च्या पुरानंतर खालच्या धबधब्यापर्यंत जाणारा तिचा भाग वाहून गेला. तो वेळ आणि ती शक्ती घरांसाठीच ठेवावी.

साखळी येथील इतिहासाच्या विद्यार्थिनीचा प्रश्न : ‘हे लोक गूढरीत्या नाहीसे झाले’ असे मी अनेक ठिकाणी वाचले. ते खरे आहे का? आणि तेथील कोरीव खोल्या आपल्या हरवळे, खांडेपारच्या लेण्यांसारख्याच आहेत का?

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे, आणि ते जरा विस्ताराने द्यायला हवे, कारण या एका समजुतीमुळे तेथे जाणाऱ्याची दृष्टीच बदलून जाते.

बँडेलिअरच्या या मुख्य दरीत, म्हणजे फ्रिहोलेस दरीत, आणि भोवतालच्या पठारावर प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांची वस्ती साधारणपणे इसवी सन 1150 ते 1550 या काळात होती. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची मुख्य पिके. ते टर्की पाळत, कापूस विणत आणि जवळपास सापडणारा काचेसारखा काळा ज्वालामुखी दगड दूरच्या लोकांना देऊन त्याबदली हव्या त्या वस्तू घेत. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांनी ही गावे सोडली. पडलेले दुष्काळ, पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसल्याने उतरलेला तिचा कस आणि जवळपासचे संपत आलेले लाकूड व शिकार ही त्यामागची कारणे अभ्यासक सांगतात. मात्र ते कोठे गेले यात गूढ काहीच नाही. ते खाली रिओ ग्रांदे नदीकाठी उतरले. त्यांचे वंशज आज कोचिती, सान इल्देफोन्सो, सांता क्लारा, केवा, सान फेलिपे अशा प्वेब्लो गावांत नांदत आहेत, आणि या दरीतील कोणते ठिकाण आपल्या कोणत्या पूर्वजांचे, हे त्यांच्या मौखिक परंपरेत सांगितले जाते. ज्यांच्या नावाने हे स्मारक ओळखले जाते ते स्विस वंशाचे अभ्यासक अ‍ॅडॉल्फ बँडेलिअर यांना 1880 च्या ऑक्टोबरात ही दरी दाखवली ती कोचिती गावच्या होसे मोंतोया यांनी. मोंतोयांच्या लेखी ती सापडलेली जागा नव्हती. ते आपल्या वाडवडिलांचे घर दाखवीत होते.

गोव्यातील वाचकाला हे कळायला फार सायास पडू नयेत. सोळाव्या शतकात केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, म्हणून त्या मूळ गावांशी कुळाव्यांचे नाते संपले असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. कारणे वेगळी होती. येथे पोर्तुगीज सत्तेचे भय होते, तेथे पाणी आणि जमीन यांनी दगा दिला. पण रिकामे झालेले ठिकाण बेवारस होत नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे. आणि पुढे तेथेही परकी सत्ता आलीच. स्पॅनिश मिशनऱ्यांनी कीवांवर आणि जुन्या विधींवर बंदी घातली, तेव्हा 1680 मध्ये पोपे या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली प्वेब्लो गावांनी एकजुटीने उठाव करून स्पॅनिशांना हुसकावून लावले, आणि पुढील 12 वर्षे त्यांना पाय रोवू दिला नाही. आजही त्या गावांत कीवा आहेत आणि त्यांत विधी चालतात.

आता दगडाविषयी. आपल्याकडील लेणी जांभ्यात आहेत. बँडेलिअरचा कडा टफ नावाच्या, ज्वालामुखीच्या राखेपासून घट्ट झालेल्या दगडाचा आहे. हेमेझ पर्वतातील ज्वालामुखीचे सुमारे 16 लाख आणि साडेबारा लाख वर्षांपूर्वी दोन प्रचंड उद्रेक झाले आणि त्या राखेचे जाड थर येथे बसले. हा दगड इतका मऊ असतो की त्याहून कठीण दगडाच्या हत्याराने तो कोरता येतो, आणि वाऱ्यापावसाने त्यात आधीच पोकळ्या झालेल्या असतात. त्याच पोकळ्या मोठ्या करून खोल्या केल्या गेल्या. मात्र आज आपण पाहतो त्या बहुधा घरांच्या मागच्या खोल्या आहेत. त्यांच्या पुढे त्याच दगडाचे ठोकळे मातीत बसवून बांधलेले घर असे, ते आता पडले आहे. दक्षिणाभिमुख कड्याखाली घर बांधण्यामागे हिशेब होता : हिवाळ्यात कलते ऊन दिवसभर भिंतीवर पडे आणि दगड रात्रीपर्यंत उबदार राही.

अशा एखाद्या खोलीत शिडीने चढायची मुभा असते. आत गेल्यावर छत काळे कुळकुळीत दिसेल. ही काजळी नुसती चुलीची नाही. ठिसूळ छताची माती डोक्यावर झडू नये म्हणून ते मुद्दाम धुरवत असत. भिंतींच्या खालच्या भागाला मातीचा गिलावा दिलेला असतो, म्हणजे टेकून बसणाऱ्याच्या पाठीला दगडाची पूड लागत नसे. आपण इतिहासाच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून सुचवितो की आकृत्यांइतकेच लक्ष या गिलाव्याकडे द्यावे. घर सांभाळणाऱ्या माणसांचा हात तेथे जवळून दिसतो.

म्हापशाहून एका आईचे पत्र : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. उंच शिड्या चढून एका गुहेत जाता येते असे टिपणात होते. तिला न्यावे का?

आपण ज्या ठिकाणाविषयी विचारता ते ‘अल्कोव्ह हाउस’. मुख्य फेरीपासून पुढे सुमारे पाऊण किलोमीटर झाडांच्या सावलीतून गेल्यावर ते येते. दरीच्या तळापासून 140 फूट उंचीवरील या कपारीत पूर्वी सुमारे 25 माणसे राहत असत. वर जाण्यासाठी चार लाकडी शिड्या आणि मध्ये मध्ये दगडी पायऱ्या आहेत. मुलगी चपळ असेल, तिला उंचीची भीती नसेल आणि सांगितलेले ऐकत असेल तर नेण्यास हरकत नाही. तिच्या खाली एक मोठे माणूस असावे आणि दुसऱ्याने वर थांबावे. खरी कसोटी उतरताना लागते, कारण शिडीकडे तोंड करून पहिले पाऊल न दिसणाऱ्या पायरीवर टाकावे लागते. म्हणून पहिली शिडी चढल्यावर तिला तेथूनच एकदा उतरायला सांगावे आणि मग पुढचे ठरवावे. हिवाळ्यात बर्फ पडले की ही वाट बंदही ठेवतात. तिला नेता आले नाही तरी मुख्य फेरीवरील खोल्यांच्या लहान शिड्या आहेतच.

कुडचडे येथील वाचक लिहितात : आम्हांला जुलैतच रजा मिळते. त्या वेळी तेथे पाऊस असतो का?

असतो. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत न्यू मेक्सिकोतही मोसमी पावसाचा काळ असतो, पण त्याची रीत आपल्या पावसाहून अगदी वेगळी आहे. सकाळ लख्ख असते, दुपारी ढग दाटतात, तासभर विजांचा कडकडाट होऊन सर कोसळते आणि संध्याकाळी पुन्हा निरभ्र होते. आपल्याला पावसात चालण्याची सवय असते आणि हीच सवय तेथे घातक ठरू शकते. उघड्या पठारावर वीज हा मोठा धोका आहे, म्हणून उंचावरची वाट सकाळीच संपवून दुपारच्या आत खाली यावे. गडगडाट कानी पडला की शिड्या आणि पठाराच्या कडा तत्काळ सोडाव्यात.

दुसरा धोका पुराचा, आणि त्यामागचा इतिहास समजून घ्यावा असा आहे. 2011 च्या जूनमध्ये लास कोंचास येथे लागलेल्या वणव्याने दीड लाख एकरांहून अधिक जंगल जाळले आणि या उद्यानाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग त्यात सापडला. वरच्या डोंगरांवर पाणी धरून ठेवणारी झाडी आणि पालापाचोळा उरला नाही, म्हणून त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आणि नंतर 2013 च्या सप्टेंबरमध्ये एरवी उडी मारून ओलांडावा एवढा ओहोळ ओंडके आणि धोंडे घेऊन दरीभर पसरला. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी आपण पाहिल्या आहेत; जळालेल्या डोंगराचे परिणाम आग विझल्यावरही कैक पावसाळे टिकतात, याचा पुरावा या दरीत आजही दिसतो. ओहोळाचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा वरच्या बाजूला काळे ढग दिसले तर ओलांडण्याचा विचार न करता उंच जागी जावे. वनरक्षकांनी वाट बंद केली असेल तर तो शब्द अखेरचा मानावा.

डिचोलीहून एक वाचक विचारतात : आमच्या घराण्यात मातीची भांडी घडवण्याचा व्यवसाय होता. तेथे जुन्या खापऱ्या पायवाटेवर पडलेल्या असतात असे ऐकले. एखादा तुकडा स्मरण म्हणून आणता येईल का? आणि प्वेब्लो लोकांच्या गावांत बाहेरच्याला जाता येते का?

खापरी हातात घेऊन पाहण्याची आपली ओढ मी समजू शकतो, तरीही उत्तर ठाम नाही असेच आहे. अमेरिकेत 1906 आणि 1979 च्या कायद्यांनी अशा वस्तू संरक्षित आहेत आणि उचलणाऱ्याला दंड व तुरुंगवासही होऊ शकतो. पण कायदा नसता तरी उचलू नये. खापरी जेथे पडली आहे तेथे ती कोणत्या घराची, कोणत्या काळाची हे सांगू शकते. खिशात गेल्यावर ती मुकी होते. शिवाय वंशजांच्या दृष्टीने पूर्वजांनी मागे ठेवलेली वस्तू त्यांचीच असते. भिंतींना हात लावणे, कड्यावर नाव कोरणे हेही तितकेच वर्ज्य आहे. त्वचेचा घाम आणि तेल यांनीही तो मऊ दगड आणि गिलावा झिजतो.

आपल्यासाठी त्याहून चांगला मार्ग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या पठारावर उत्खनन चालू असताना निघालेल्या जुन्या भांड्यांच्या तुकड्यांवरून तशी भांडी पुन्हा घडवून पाहण्याचे काम सान इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ यांच्याकडे आले. त्या आणि त्यांचे पती हुलियान यांनी त्यातून काळ्यावर काळ्या नक्षीची भांडी घडवली, आणि ती जगभर नावाजली गेली. चाक न वापरता मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करायचे, गुळगुळीत गोट्याने घासून त्याला झळाळी आणायची आणि भाजताना शेणाच्या भुकटीने आग दाबून धुरात ते काळे करायचे, अशी ती पद्धत आहे. त्या गावात आजही कुंभारकाम चालते. थेट कारागिराकडून एखादे लहान भांडे घ्यावे आणि ते कसे घडले हे विचारावे. घराण्यातील कामाविषयी आपण सांगितलेत तर बोलणे रंगेल, अशी माझी खात्री आहे.

गावांत जाता येते, परंतु प्रत्येक गाव स्वतःचे नियम ठरवते आणि काही दिवस गाव बाहेरच्यांना पूर्ण बंद असते, म्हणून आधी चौकशी करावी. वार्षिक उत्सवाला बहुधा पाहुण्यांचे स्वागत होते. सान इल्देफोन्सोचा उत्सव 23 जानेवारीला आणि कोचितीचा 14 जुलैला असतो. त्या दिवशीचे नृत्य ही प्रार्थना असते. टाळ्या वाजवू नयेत, मध्ये बोलू नये, कीवाच्या जवळ जाऊ नये आणि छायाचित्र घेण्याचा आग्रह धरू नये. भ्रमणध्वनी गाडीतच ठेवलेला बरा.

मडगावच्या वाचकांनी थोडक्यात विचारले आहे : मेसा व्हर्दे अधिक प्रसिद्ध आहे. एकच ठिकाण पाहायचे तर कोणते?

कोलोरॅडोतील मेसा व्हर्दे हे 1906 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान असून 1978 पासून जागतिक वारसास्थळ आहे, आणि कड्याच्या कपारीत उभे असलेले ‘क्लिफ पॅलेस’ हे दीडशे खोल्यांचे घर पाहताना माणूस थक्क होतो, यात शंका नाही. परंतु तेथील मोठी घरे आतून पाहायची तर वनरक्षकांबरोबरच्या फेरीचे तिकीट आधी काढावे लागते आणि वेळ ठरलेली असते. स्वतःच्या गतीने चालत, थांबत पाहायचे असेल तर बँडेलिअर निवडावे. त्यात अर्धा दिवस अधिक मिळाला तर मुख्य दरीपासून मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांवर असलेल्या सांकावी या भागात जावे. सुमारे अडीच किलोमीटरच्या त्या वाटेवर शतकानुशतकांच्या येण्या-जाण्याने मऊ खडकात चर पडले आहेत, काही ठिकाणी गुडघ्यापर्यंत खोल आणि जेमतेम एका पावलाएवढे रुंद, आणि आजही त्याच चरांतून पाऊल टाकत जावे लागते. तेथे शिड्या आहेत, सावली नाही आणि पिण्याचे पाणीही नाही. ते बरोबर न्यावे.